वाळूत मुरलेलं तेल तपासताय? या चुका टाळा

तेलगळतीनंतर किनाऱ्यावर सॅम्पल घ्यायला येणारी नवीन पोरं दरवेळी त्याच चुका करतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरची वाळू स्वच्छ दिसली की तेल गेलं म्हणून मोकळं व्हायचं. ही मीपण केलीये. एका गोट्यांच्या किनाऱ्यावर हातभर खोल खणायचं ठरलं होतं, पण भरती चढायला लागली तशी घाई झाली, शेवटचे खड्डे वीतभरच खणले, काही दिसलं नाही आणि रिपोर्टात 'स्वच्छ' लिहून दिलं. दोन महिन्यांनी मोठ्या लाटांनी वरची वाळू ओढून नेली आणि तिथेच खाली तपकिरी चिकट थर उघडा पडला, वासपण अजून तेलाचाच. त्या रिपोर्टावर माझी सही आहे, अजून बोचतं.

एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाचं तेल अलास्कात १९८९ ला सांडलं. २००१ मध्ये तिथल्या ९१ किनाऱ्यांवर जवळजवळ ९,००० खड्डे खणले तर निम्म्याहून जास्त किनाऱ्यांवर तेल निघालं, म्हणजे १२ वर्षांनी! वरचे मोठे गोटे ढालीसारखे बसतात, लाटेचा मार खालपर्यंत जात नाही, आणि खाली ऑक्सिजन आणि नायट्रोजन इतका कमी की तेल खाणारे बॅक्टेरिया असूनही उपाशीच. म्हणून मी खाली घट्ट थर किंवा पाणी लागेपर्यंत खणतो आणि मग पाच मिनिटं नुसता थांबतो. खड्ड्यात झिरपलेल्या पाण्यावर तवंग येतोय का ते बघायचं, ही पाच मिनिटं वाचवू नका.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे एकूण हायड्रोकार्बनचा, म्हणजे तेलातल्या मुख्य घटकांचा, आकडा कमी झाला की 'बॅक्टेरियांनी खाल्लं' असं लिहिणं. अरे, हलका भाग पहिल्या काही दिवसांत उडून जातो, थोडा पाण्यात विरघळतो, थोडा लाटेबरोबर वाहून जातो, आणि शेजारच्या खड्ड्यात मुळातच कमी तेल असू शकतं. तेलातल्याच होपेन नावाच्या घटकाशी तुलना करा, ते सहजासहजी कुजत नाही. ग्रॅमभर मूळ तेलात होपेन १०० भाग असेल आणि वाळूतून काढलेल्या ग्रॅमभर तेलात १५० निघालं तर मूळ तेलातला साधारण एक तृतीयांश गेला असं धरायचं. डिझेलमध्ये होपेन जवळपास नसतंच, तिथे हे चालणार नाही. सी-१७ (१७ कार्बनची सरळ साखळी, लवकर कुजते) आणि प्रिस्टेन (तेलातलाच फांद्या असलेला रेणू, हळू कुजतो) यांच्या गुणोत्तरावर सगळी भिस्त ठेवणारेही भेटतात, सुरुवातीला ते बरं असतं, पण पुढे प्रिस्टेनही कुजतं आणि जुनं तेल आहे त्यापेक्षा कमी कुजलेलं वाटतं.

तेल न लागलेल्या जागेचं सॅम्पल घ्याच, कारण झाडांच्या पानांवरच्या मेणातूनही सी-२७, सी-२९, सी-३१ अशा लांब कार्बन-साखळ्या येतात आणि लोक त्यालाच तेल समजतात.

खुरपं दोन खड्ड्यांच्या मध्ये सॉल्व्हंटने धुवा, आणि खणायला सुरुवात स्वच्छ जागेपासून करा, काळ्या जागेपासून नाही.

आणि प्लास्टिकची पिशवी नको म्हणजे नकोच. तेल प्लास्टिकला लागतं, प्लास्टिकमधलं सॅम्पलमध्ये उतरतं, मग लॅबच्या तपासणीतल्या ग्राफवर भलतीच शिखरं दिसतात. काचेची बाटली, टेफ्लॉनचं झाकण, बर्फात ठेवून थेट फ्रीझरला. बाटल्या जड होतात म्हणून कुरकुर करणाऱ्याला मी फिल्डवर नेत नाही.