पुण्यातली सकाळ वाचवा: ऑनलाइन टीम कशी चालवावी

हिंजवडी असो की खराडी, परदेशी क्लायंटसोबत काम करणाऱ्या टीमचा दिवस दुपारनंतर आपल्या हातात राहत नाही. उन्हाळ्यात लंडनला सकाळचे 9 वाजतात तेव्हा इथे दुपारचा दीड असतो, हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कच्या 9 ला आपली संध्याकाळ झालेली असते. डोकं लावून करायचं काम सकाळीच व्हायला हवं, आणि नेमकी तीच सकाळ आपण आपापसातल्या मीटिंगांत घालवतो. टीम लीडने पहिली दुरुस्ती इथे करावी.

1. दहा ते एक अडवून ठेवा. सगळ्यांच्या कॅलेंडरवर, स्वतःच्याही. रोजचा स्टँडअप, म्हणजे कोण काय करतंय हे सांगायची छोटी मीटिंग, 1 वाजता घ्या. पुढे जेवायला उठायचं असतं, त्यामुळे तो लांबत नाही. या तीन तासांत "एक मिनिट आहे का?" असं तुम्हीही विचारायचं नाही. सिस्टिम बंद पडली तर थेट फोन, बाकी सगळं चॅटवर आणि उत्तर एकनंतर. हा नियम तोंडी सांगून भागत नाही, ग्रुपवर लिहून ठेवा. रात्री अमेरिकेचा कॉल घेतलेल्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्या.

2. नुसतं "हाय" लिहून थांबू नका. काय हवं, कशासाठी, कधीपर्यंत, हे एकाच मेसेजमध्ये येऊ द्या. "बिलिंगच्या टेस्टचा निकाल बुधवारी 4 पर्यंत हवाय, डेमोत दाखवायचाय. अडलं तर मंगळवारीच सांग."

3. निर्णय लिहा. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. एकच डॉक्युमेंट ठेवा: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोण करणार. पाळणाघरातून मुलाला आणायला सहाला निघालेली सहकारी सातच्या कॉलला नसते. काय ठरलं हे तिला दुसऱ्या दिवशी चार जणांना विचारत फिरावं लागू नये. "का" हा रकाना गाळू नका. तीन महिन्यांनी वाद होतो तो त्यावरच.

4. रात्रीचा मेसेज सकाळी पोहोचू द्या. मी रात्री 11 ला सुचलेलं लगेच पाठवत असे, "उद्या बघ" असं लिहून. एकदा टीममधल्या नव्या मुलीने पावणेबाराला काम पूर्ण करून पाठवलं. वरिष्ठाचा मेसेज कितीही सौम्य असला तरी तो हुकूमच वाटतो, हे मला तेव्हा कळलं. जीमेल, टीम्स, स्लॅक सगळीकडे वेळ लावून पाठवायची सोय आहे. ती वापरा.

5. डेमोची वेळ जपून ठरवा. लोक घरून काम करत असतील तर गुरुवारची सकाळ टाळा. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं उन्हाळ्यासाठी दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपची शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांचे सगळे कॉल आधीच तपासून घ्या.