वस्तऱ्याने घरी दाढी: सुरुवातीच्या या चुका टाळा

पहिली चूक खरेदीतच होते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त, नक्षीदार पात्याचे ‘दमास्कस’ वस्तरे बहुतेक शोभेचेच. त्यांना दाढीपुरती धार नसते. चांगला अखंड पात्याचा वस्तरा घेतला, तर धार राखायला चामड्याचा पट्टा आणि १०००, ४०००, ८००० ग्रिटचे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडही लागतात. कमी खर्चात शिकायचं असेल तर न्हाव्याकडे असतो तो ब्लेड बदलायचा वस्तरा घ्या. गोव्यात म्हापसा-मडगावच्या बाजारात सलूनचं सामान कुठे मिळतं ते विचारा.

या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसतं, म्हणून दुधारी ब्लेड कागदातून न काढताच लांबीत वाकवून मोडायचं. उघडं मोडायला गेलात तर दाढीआधीच बोट कापेल. अर्धं ब्लेड बसवल्यावर धार सरळ रेषेत आहे ना पाहा. एक कोपरा पुढे आला असेल तर गालावर बारीक ओरखडा उठतो, आणि दोष हाताला दिला जातो.

खरी अडचण कोनाची. पातं गालावर सपाट टेकवा, मग पात्याची पाठ (धारेच्या विरुद्धची कड) उचलून साधारण ३० अंशांवर आणा. दाढीनंतर कातडी लाल होऊन चुरचुरत असेल तर पातं जास्त उभं धरलं जातंय किंवा दाब पडतोय. वस्तऱ्याचं वजन पुरे. केस न कापता ओढले जात असतील तर आधी फेस तपासा, मग कोन, शेवटी ब्लेड. पंख्याखाली बसून दाढी केली की फेस मिनिटा-दोन मिनिटांत सुकतो. एका वेळी एकाच गालाला लावा. त्याआधी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं केस भिजू द्या.

वस्तरा धारेच्या रेषेत आडवा सरकवू नका. जखम तिथेच होते. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. बोटं निसटत असतील तर ओल्या तुरटीवर घासा, पकड येते. पहिले काही दिवस फक्त गाल, केसांच्या दिशेने. हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या रेझरने उरका, त्यात कमीपणा नाही. मानेवर केसांची दिशा बदलते, ती बोटाने चाचपून घ्या.

अखंड वस्तरा घेतलाच असेल तर पट्ट्यावर पातं घासताना पाठ पुढे, धार मागे. वळवताना पातं पाठीवरून फिरवा. धारेवरून फिरवलं की चामडं कापतं आणि धारही जाते.

गोव्यातला पावसाळा वस्तरा आणि पट्टा दोन्हींचा शत्रू. कार्बन स्टीलवर रात्रीतून गंजाचे ठिपके पडतात, चामड्यावर बुरशी येते. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. पुसून, बिजागरीतलं पाणी टिपून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरवा. पट्टा हवेशीर जागी टांगा, उन्हात नको. ब्लेडच्या वस्तऱ्यातून मात्र दर वेळी ब्लेड काढायचं.

वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नका. पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून त्यात साठवा. डबा भरला की तोंड ठोकून बंद करा आणि कचरा नेणाऱ्यांना आत काय आहे ते सांगा.