मांडव ऐनवेळी हलवायचा झाला तर

मेच्या उत्तरार्धात गोव्यात उघड्यावर लग्न ठरवलंत, तर वळवाची एक सर पुरते. मांडव चिखलात, सजावटवाला हवालदिल. माझ्या भाचीच्या लग्नात नेमकं हेच झालं आणि आम्ही सगळे एकाच वेळी फोन करत सुटलो. तीन जणांनी तीन वेगळे पत्ते सांगितले!

तेव्हापासून माझा एकच नियम: बदल सांगणारा माणूस एकच, आणि तो वधूवरांचा बाप नसावा. त्यांना तेव्हा काही सुचत नसतं. डोकं थंड असलेला काका किंवा मावशी बघा. पहिला फोन भटजींना, कारण मुहूर्त हलत नाही, जागा हलते. दुसरा आचाऱ्याला, भांडी आणि गॅस हलवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर जुना लोकेशन पिन काढून नवा टाका, वर ठळक अक्षरांत ‘जागा बदलली’ लिहा. वयस्कर नातेवाइकांना मात्र फोनच करा.

बाहेरगावच्या पाहुण्यांना गोव्यातल्या कुठल्या विमानतळावर उतरणार, दाबोळी की मोपा, हे पुन्हा विचारा. विमान बदललं की विमानतळही बदलू शकतो, आणि मोपाहून मडगाव गाठायला दीड तास तरी धरा.

जेवणं लांबली तर बाहेरचं गाणंबजावणं आधीच आटोपतं घ्या. रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही.

आणि पर्यायी जागा म्हणून देवळाच्या सभागृहाची चौकशी तारीख ठरतानाच करून ठेवा.