जुन्या बॉबकॅटचा आवाज आणि अडकणारा ब्रेक: नवीन फिटर पोरांसाठी माझा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत अर्थमूव्हिंगच्या गॅरेजला लागून मला चौदा वर्षं झाली. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं तेव्हा इंजिन म्हणजे सगळं असं वाटायचं, आणि इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की स्किड स्टिअरचं (म्हणजे जागेवर वळणाऱ्या छोट्या चारचाकी लोडरचं) इंजिन त्यातल्या त्यात गुणी असतं, खरा त्रास त्याच्या मागं-खाली लपलेला असतो. आपल्याकडं मशीन कुठल्याही कंपनीचं असो सगळे त्याला बॉबकॅटच म्हणतात, जसं बॅकहोला जेसीबी, म्हणून मीपण इथं तेच म्हणतोय, कुठल्या एका कंपनीबद्दल समजू नका.

आधी माझी फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातनंच शिकलोय.

विट्याकडच्या एका पोल्ट्रीचं जुनं मशीन आलं होतं, शेडमधला लिटर (कोंबड्यांखालचा भुसा-विष्ठेचा थर) काढायला वापरायचे. ऑपरेटर म्हणाला, "चालवताना शिटाखालनं टकटक वाजतंय, आन् कधी कधी सुरू केल्यावर जागचं हलतच न्हाय." मी ऐकलं फक्त पहिलं वाक्य. टकटक म्हणजे ड्राइव्ह मोटर (चाकं फिरवणारी हायड्रॉलिक मोटर) गेली असं डोक्यात बसलं आणि अण्णा (आमचे उस्ताद) दोन दिवस कराडला होते तेवढ्यात आपण काम करून दाखवू म्हणून केबिन उचलली, होज काढले, मोटर उतरवली आणि हायड्रॉलिकवाल्याकडं पाठवली. त्यानं उघडून बघितलं, मोटर चांगली आहे म्हणाला, सील किट टाकून परत दिली. बसवलं, ऑईल भरलं, एअर काढली, लिव्हर पुढं केला आणि तीच टकटक, जशीच्या तशी. मालकाला बिल कसं सांगायचं ह्या विचारानं मला घाम फुटला होता.

अण्णा आले, शिव्या दिल्या नाहीत, म्हणाले, "खडू आण." मशीन चारी चाकं हवेत येतील असं लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, एका टायरवर खडूची रेघ मारली, ऑपरेटरला सीटवर बसवून बेल्ट लावून सीटपुढचा सेफ्टी बार खाली घ्यायला लावला आणि चाक अगदी सावकाश फिरवायला सांगितलं. आम्ही बाजूला लांब उभे. रेघ एकदा वर येऊन परत वर येईपर्यंत किती टकटक होते ते मोज म्हणाले. मी वीसपर्यंत मोजलं आणि पुढं चुकलो.

"चेनची कडी खराब असती तर इतक्यांदा वाजली असती का रं?"

इथं थांबून आतली रचना सांगतो नाहीतर गोष्ट कळणार नाही. इंजिन पंप फिरवतं, पंप दोन, डाव्या बाजूचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा, प्रत्येक पंपाचं ऑईल आपापल्या बाजूच्या ड्राइव्ह मोटरला जातं, मोटरच्या शाफ्टवर छोटा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), तिथनं एक चेन पुढच्या ॲक्सलला आणि एक मागच्या, ह्या चेन ऑईलमध्ये बुडालेल्या, त्या डब्याला चेन केस म्हणतात. म्हणजे एका बाजूची दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. स्टिअरिंग नाहीच, एक बाजू जास्त फिरवायची, दुसरी कमी, आणि मशीन टायर घासत वळतं. आता हिशेब बघा. मोटरचा स्प्रॉकेट छोटा आणि ॲक्सलचा मोठा, म्हणून चाक एकदा फिरतं तेव्हा मोटर बऱ्याच वेळा फिरते. आणि चेनची लांबी ॲक्सलच्या स्प्रॉकेटच्या घेरापेक्षा जास्त असते, त्यामुळं एखादी कडी खराब असेल तर ती एका जागी चाकाच्या प्रत्येक फेरीला वाजेलच असं नाही, चाक एका फेरीपेक्षा जास्त फिरेल तेव्हा परत एकदा वाजेल. ॲक्सलचा एखादा दात तुटला असेल तर फेरीला एक-दोनदाच, दोन चेनपैकी ज्या चेनचा असेल तिथं. वीसच्या वर आवाज म्हणजे मोटरबरोबर फिरणारी, भरपूर दात असलेली कुठलीतरी वस्तू काहीतरी घासून जातीय.

अशी एकच वस्तू त्या मशीनमध्ये होती, पार्किंग ब्रेकची डिस्क. त्या जुन्या मॉडेलमध्ये मोटरबरोबर फिरणाऱ्या खाचांच्या डिस्कवर वरनं एक लोखंडी पाचर पडते आणि खाचेत अडकून मशीन जागेवर धरते. पाचर वर उचलायचं काम सोलेनॉइडचं, म्हणजे करंट मिळाला की ओढणाऱ्या विजेच्या चुंबकाचं. बार खाली घेतला, सीटवर माणूस बसला की सोलेनॉइडला करंट जातो. आत कॉइल दोन असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढणारी क्षणभरच चालते पण भरपूर अँपिअर खाते, पाचर वर गेली की ती बंद होते आणि धरणारी कॉइल थोड्याशा करंटवर तिला तिथंच ठेवते. आता ओढतानाच व्होल्टेज कमी पडलं तर पाचर अर्धवट वर जाते, डिस्कच्या दातांवर टेकून राहते आणि टकटकटक. आणि अजिबात उचलली गेली नाही तर मशीन जागचं हलत नाही. ऑपरेटरनं दोन तक्रारी सांगितल्या होत्या, त्या एकाच दुखण्याच्या होत्या आणि मला कळलं नव्हतं.

मल्टीमीटर लावला. बॅटरीवर साडेबारा, सोलेनॉइडच्या कनेक्टरवर ओढायच्या क्षणी नऊच्या आसपास. कनेक्टर उघडला तर आत हिरवी बुरशी आल्यासारखं. कोंबडीच्या लिटरमधनं अमोनिया सुटतो आणि तो तांब्याला खातो, हे पुस्तकात कुठंच वाचलं नव्हतं. दोन पिन, एक अर्थची वायर, सॅंड पेपर, एवढ्यात मशीन गप्प झालं. मोटरच्या सील किटचे पैसे माझ्या पगारातनं गेले, अण्णांनी अर्धे भरले.

गंमत म्हणजे ह्या मशीनचा जन्मच पक्ष्यांच्या शेडमधला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात केलर नावाच्या दोघा भावांनी 1957 साली एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी शेडच्या आत वळेल असा तीन चाकी लोडर बनवला, 1960 ला त्याला चौथं चाक लागलं. इतक्या वर्षांनी आपण विट्याच्या शेडमधल्या घाणीशी भांडतोय.

तर, मशीन आलं की मी आता काय करतो. पाना हातात घ्यायच्या आधी ऑपरेटरला चहा पाजतो आणि बोलू देतो. मालकाला नाही, ऑपरेटरला. आवाज सकाळी गार असताना येतो का तापल्यावर, सरळ जाताना का वळताना, भरलेल्या बकेटवर का रिकाम्यावर, आणि ब्रेकची काही तक्रार आहे का हे मुद्दाम विचारतो कारण ते स्वतःहून सांगत नाहीत, चाकाला दगड लावून भागवत असतात. मग एकच गोष्ट ठरवायची, आवाज इंजिनच्या रेसबरोबर बदलतो का चाकाच्या वेगाबरोबर. मशीन जागेवर उभं, लिव्हर न्यूट्रल, रेस कमी-जास्त करा. आवाज तेवढ्यावरच चढत-उतरत असेल तर चेन आणि ॲक्सल विसरा, पंपाच्या बाजूला जा. बारीक शिट्टीसारखा रडका आवाज आणि ऑईल टाकीत फेस म्हणजे कुठंतरी हवा ओढतोय, सक्शन होजचा क्लॅम्प, जुना कडक झालेला पाइप, नाहीतर ऑईलच कमी. फेस नाही पण खडे भरडल्यासारखा आवाज आणि गार असताना जास्त म्हणजे सक्शन गुदमरतंय, फिल्टर-जाळी बघा. पंपाच्या कपलिंगचं रबर गेलं असेल तर स्लोला खडखड आणि रेस दिली की कमी. काही मॉडेलला पंपाला बेल्ट असतो, तो लोडवर किंचाळतो, त्यात डोकं खाजवायचं कारण नाही.

चाकाबरोबर बदलणाऱ्या आवाजाला मात्र वेळ द्या. पुढं-मागं करताना प्रत्येक वेळी एकदाच 'धाड' होत असेल तर चेन सैल, किंवा मोटरचे बोल्ट, किंवा स्प्रॉकेटची स्प्लाइन (शाफ्टवर बसायच्या खाचा) झिजलेली. वळताना करकर-घरघर म्हणजे ॲक्सल बेअरिंग. चाक हवेत घेऊन वर आणि खाली हात लावून हलवा, खेळ हाताला कळतो. आणि टायर बघा हो! मशीन आवाज करतं, झटके मारतं म्हणून चेन केस उघडायला निघालेला एक पोरगा मी स्वतः थांबवलाय, मालकानं पुढं नवीन टायर आणि मागं गुळगुळीत झालेले टाकले होते. एका बाजूची दोन्ही चाकं चेननं बांधलेली, घेर वेगळा असेल तर एक चाक कायम दुसऱ्याला ओढत राहणार, चेन ताणत राहणार, कॉंक्रीटवर तर लगेच कळतं. एका बाजूला दोन्ही टायर सारखे आणि हवा सारखी, एवढं केलं की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

चेन केसचा लेव्हल प्लग काढून बघणं हे फुकटातलं काम आहे पण कोणी करत नाही. ऑईल कमी असेल तर चेन कोरडी वाजणारच. पण जास्त निघालं, प्लग उघडल्या उघडल्या भळभळ वाहायला लागलं, तर जास्त काळजी करा, कारण मोटरचा शाफ्ट सील गेलाय आणि हायड्रॉलिक ऑईल आतल्या आत चेन केसमध्ये उतरतंय. मालक म्हणत असतो ऑईल रोज कमी होतंय पण खाली थेंब नाही. दुधासारखं निघालं तर पाणी गेलंय, वॉशिंगचा प्रताप. थोडं ऑईल पांढऱ्या कापडावर घ्या, चंदेरी चमकी बोटाला लागत असेल तर झीज, तुकडा लागला तर मग उघडायलाच पाहिजे.

आता दुसऱ्या प्रकारचा ब्रेक. बऱ्याच मशीनला पाचर नसते, प्लेटा असतात, स्प्रिंग त्यांना दाबून धरते आणि ऑईलचं प्रेशर त्यांना सोडवतं. म्हणजे प्रेशर गेलं की ब्रेक आपोआप लागतो. ते प्रेशर कुठनं येतं, तर चार्ज पंपाकडनं, जो मेन पंपाला ऑईल पुरवतो तोच. म्हणून दोन्ही बाजू मऊ (ताकद कमी) चालतायत, मशीन तापल्यावर जास्त, आणि ब्रेक घासल्यासारखा वास, हे एकत्र आलं तर ब्रेक खोलू नका, चार्ज प्रेशरला गेज लावा. साधारण 20 बारच्या आसपास असतं पण तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा, गार आणि गरम दोन्ही वेळेला लिहून ठेवा. गेज दोन घ्या, एक कमी प्रेशरचं आणि एक मेन लाइनसाठी मोठं. मी 40 बारचं गेज चुकून मेन पोर्टला लावलं होतं, काटा आजपण मागं वाकलेला आहे, टूलबॉक्समध्ये ठेवलंय आठवण म्हणून.

फक्त एकच बाजू मऊ असेल तर चार्जवर संशय नको, तो दोघांचा. तिथं होज डावे-उजवे बदलून बघतात, त्रास बाजू बदलला तर पंप, तिथंच राहिला तर मोटर. हे करताना तोंडं स्वच्छ पुसून, झाकून, एक कचऱ्याचा कण पंपात गेला तर आवाज शोधायला आलेला तू नवीन आवाज तयार करून जाशील.

कानाचं म्हणाल तर लांब स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगला टेकवून मूठ कानाला लावायची, डावं-उजवं दोन्ही ऐकायचं, एकटं ऐकून काही कळत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आमचा एक पाहुणा आहे, तो तानपुऱ्याची जवारी लावताना (तार नीट गुंजावी म्हणून घोडी घासताना) तेवढंच करतो, एक तार, मग शेजारची, परत पहिली.

जिवाचं दोन वाक्यांत सांगतो. आर्म वर असताना लॉक लावल्याशिवाय खाली जायचं नाही, अण्णा असो नाहीतर मालक असो, कोणीही सांगितलं तरी. आणि होजचा बारीक फवारा हातानं चाचपायचा नाही, पुठ्ठा धरायचा, ते ऑईल कातडीत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते.

जंपरबद्दल मात्र बोलतोच. ब्रेक अडकतो म्हणून सीट स्विच आणि बारच्या स्विचला वायर लावून बायपास केलेली मशीनं दहात तीन तरी येतात. मी जंपर दिसला की आधी काढतो, मग निदान, नाहीतर तुम्ही जे मोजताय ते खोटंच असतं.

मागच्या महिन्यात रात्री साताऱ्याहून ओळखीच्या ऑपरेटरचा फोन आला, घाटाच्या कामावर उतारावर मशीन लावलं होतं, आता सुरू होतंय पण पाचर सुटत नाही, सोलेनॉइडचा टक आवाज येतोय. म्हटलं काही उघडू नकोस, खाली कोणी उभं नाही ना बघ, बकेट जमिनीला टेकव, मग लिव्हर अगदी हळू पुढं-मागं कर, उतारानं डिस्कचा सगळा भार पाचरीवर आलाय, तो निघाला की सुटेल. फोन चालूच होता, मागं इंजिनचा आवाज, मग 'खट'.

"सुटला दादा."

"बरं. आता सीटखाली हात घालून ती लाल वायर काढून टाक."

पलीकडं थोडा वेळ शांतता. "तुम्हाला कसं कळलं?"