जुन्या फियाट-ॲम्बॅसेडरचा रेडिएटर गळतोय? उतरवण्याआधीची तयारी

रेडिएटरमधून पाणी गळताना दिसलं की हात आधी पान्याकडे जातो. तो आवरा. जुन्या फियाट-पद्मिनीचा किंवा ॲम्बॅसेडरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो आणि डाक देऊन, म्हणजे सोल्डरने झाळून, तो पुन्हा चांगला होतो. पण रेडिएटरवाल्याला नुसतं "कुठेतरी गळतंय" सांगितलं, तर तो दिसेल तिथे झाळून देतो आणि खरी गळती तशीच राहते. म्हणून तयारीतलं पहिलं काम जागा शोधण्याचं.

रात्री गाडी लावताना इंजिनाखाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते दिसेल. पण थेंबाच्या बरोबर वरच भोक असेल असं समजू नका. चालत्या इंजिनात पंखा पाणी मागे उडवतो, आणि बंद गाडीत ते कडेच्या पट्टीवरून ओघळून भलत्याच कोपऱ्यात येतं. खरा पुरावा म्हणजे वाळलेला ओघळ. टॉर्च तिरपी धरून पाहिलं की पितळेवर पांढरट-हिरवट माग दिसतो, वरून बारीक आणि खाली पसरलेला. त्याचं वरचं टोक ही गळतीची जागा. तिथे खडूने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. रेडिएटर धुतला की हा माग पुन्हा दिसणार नाही.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: वरच्या टाकीचा सांधा, नळ्या टाकीला मिळतात ती ओळ, होजपाइप बसतो ती मान आणि खालचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी. त्यानंतर वॉटर पंप. त्याच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं. त्यातून पाणी येत असेल तर पंपाचं सील गेलंय, रेडिएटर निर्दोष आहे.

दोन गोष्टी गळतीसारख्या दिसतात, पण गळती नसतात. या गाड्यांना बहुतेक वेळा पाणी परत घेणारी बाटली नसते; ओव्हरफ्लोची नळी सरळ जमिनीकडे जाते. गळ्यापर्यंत पाणी भरलं की गरम झाल्यावर ते फुगतं आणि जास्तीचं बाहेर पडतं. थंड इंजिनात दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा आणि मग पाहा. दुसरी गोष्ट कॅपची. तिचं रबर कडक झालं की दाब धरत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे 98 अंशांनाच उकळतं. 7 पौंड दाबाची चांगली कॅप असेल तर ते 110 अंशांच्या आसपास जातं. म्हणजे कॅप गेली की तेवढी सगळी सवलत गेली. नवी कॅप घेताना जुनीवर छापलेला आकडाच घ्या. जास्त पौंडांची बसवली तर जुन्या सांध्यांवर ताण येऊन तेच उघडतात.

हेड गास्केटचीही, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगची, खात्री करून घ्या. थंड इंजिन कॅप काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला, तर रेडिएटरवर खर्च करण्याआधी हेडकडे वळा.

आता सामान. ॲम्बॅसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनाला इंचाचे पाने लागतात, 7/16 आणि 1/2 हे जास्त; फियाटला मिलिमीटरचे. चपटा स्क्रूड्रायव्हर, धारदार कटर, दहा लिटर मावेल असं पसरट घमेलं, मोजायला एक लिटरची बाटली, जाड पुठ्ठा आणि सुती फडकं. होजपाइप वरचा आणि खालचा दोन्ही नवे आणून ठेवा. खालच्या पाइपात स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी, नाहीतर पंपाच्या ओढीने पाइप आत चेपतो आणि घाटात गाडी तापते. स्क्रूच्या क्लिपा चार, शिवाय दोन जास्तीच्या. रेडिएटर ज्यावर बसतो ती रबरं आवर्जून आणा. ही दहा-वीस वर्षांत दगडासारखी होतात, इंजिनाचा आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा सरळ सांध्यावर जातो, आणि झाळलेला सांधा वर्षभरात पुन्हा तडकतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप काढा. ड्रेन कॉक उघडून पाणी घमेल्यात घ्या आणि बाटलीने मोजून लिहून ठेवा. परत भरताना हा आकडा लागतो. कूलंट घातलेलं असेल तर ते गटारात ओतू नका, ते पुढे नंदिनी नदीत आणि गोदावरीत जातं. त्यातलं ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. घमेलं तसंच उघडं सोडून जेवायला जाऊ नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते होजपाइप काढताना. जुना पाइप मानेला चिकटलेला असतो, लोक त्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि झाळलेली मानच हातात येते. पाइप नवा घालायचाच आहे, तेव्हा जुन्याला कटरने लांबीत चीर द्या आणि सालीसारखा सोलून काढा. कटर पितळेला लागू देऊ नका. मग जाळी आणि पंखा यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा, बोल्ट ढिले करा आणि रेडिएटर सरळ वर उचला. तिरका उचलला तर पंख्याचं पातं जाळीत घुसतं.

रेडिएटरवाल्याकडे जाताना फोटो सोबत न्या आणि काम नेमकं सांगा: वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवायची, खूण केलेला सांधा खरवडून झाळायचा, मग पाण्याच्या हौदात बुडवून तपासायचा. तपासताना कॅपवर आहे तेवढाच दाब, 7 असेल तर 7. कंप्रेसरची पूर्ण हवा सोडली तर टाकी फुगते. एक जागा तापवताना शेजारचा सांधा सुटू शकतो, म्हणून ही तपासणी झाळल्यानंतरची हवी. दोन-तीन नळ्या बंद कराव्या लागल्या तर चालतं. त्याहून जास्त असतील तर कोर, म्हणजे नळ्या-जाळीचा मधला भाग, बदलून घ्या, तांब्या-पितळेचाच आणि तितक्याच ओळींचा. जुन्या टाक्या आणि पट्ट्या त्यालाच लावून घ्या.

आधी कोणी एम-सील फासलं असेल तर ते पूर्ण खरवडावं लागतं, त्यावर डाक धरत नाही. हळदीचंही तसंच. रस्त्यात अडकल्यावर चमचाभर हळद बारीक गळती थोपवते हे खरं आहे, पण तोच गाळ अरुंद नळ्यांत बसतो. हळद टाकून घरी पोहोचलात तर पाणी बदलेपर्यंत स्वस्थ बसू नका.

रेडिएटर बाहेर आहे तोवर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, पातेल्यात उकळून पाहा. त्यावर लिहिलेल्या अंशांना उघडला पाहिजे. काढून फेकण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. इंजिन कायम थंड चालतं आणि झिजतं. ब्लॉकमध्ये बागेचा पाइप लावून, पाणी स्वच्छ येईपर्यंत उलट दिशेने धुवा. ॲसिड नको, ते डाकच खातं.

भरायला बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार नळ्यांत थर धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दोन भागाला एक. निफाडकडे थंडीत पारा शून्याजवळ जातो तेवढं सोडलं तर इथे कूलंट गोठण्यासाठी नव्हे, गंजासाठी लागतं. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा, सावकाश ओता, होजपाइप हाताने दाबत राहा म्हणजे हवा निघेल. कॅप न लावता इंजिन चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जातं, तेव्हा पुन्हा भरा. मोजून काढलं त्यापेक्षा बरंच कमी मावलं तर आत अजून हवा आहे. नळ्या आणि ब्लॉक साफ झाल्यावर थोडं जास्तही मावेल. त्र्यंबक रस्त्याने एक चक्कर मारून या, आणि गार झाल्यावर क्लिपा पुन्हा आवळा.

मुंबईला जाणार असाल तर कसारा घाट जाताना उतार आहे, खरी परीक्षा परतताना. डिकीत दहा लिटर पाणी, फॅन बेल्ट, वरचा होजपाइप, दोन क्लिपा आणि फडकं ठेवा. तापमानाचा काटा चढू लागला तर हीटर पूर्ण चालू करा आणि जागा मिळताच बाजूला थांबा. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. अर्धा तास कॅपला हात लावू नका. मग फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबू द्या. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून ब्लॉकला हात टेकवता येईल इतका तो निवल्यावरच पाणी घाला.