पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी

ट्रेलर डोलायला लागला की नवा चालक स्टिअरिंगला दोष देतो. बहुतेक वेळा मूळ असतं माल भरण्यात. जड सामान मागे गेलं की ट्रेलरचं नाक, म्हणजे गाडीला जोडलेलं पुढचं टोक, हलकं होतं आणि वेग वाढताच मागचं धूड झुलू लागतं. म्हणून साधारण ६० टक्के वजन एक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) पुढे, खाली आणि पट्ट्यांनी आवळलेलं हवं. हिचवर (गाडीच्या मागच्या जोडावर) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, म्हणजे १००० किलोच्या ट्रेलरला १०० ते १५० किलो. गाडीच्या हिचची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची आणि मालही त्याच हिशेबाने कमी भरायचा. नाक फार जड झालं तर गाडीची पुढची चाकं हलकी पडतात नि स्टिअरिंग सैल वाटतं.

हिचवरच्या गोळ्याचं, म्हणजे बॉलचं, माप कप्लरवर (त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या खोबणीवर) कोरलेल्या मापाशी जुळलंच पाहिजे. लहान बॉलवरही कप्लर बसतो, हीच पंचाईत. मग एखाद्या खड्ड्यात तो सुटतो. लॉक केल्यावर जॅकने नाक थोडं वर उचला. गाडीची मागची बाजूही सोबत उचलली गेली तर पकड पक्की. ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या सुरक्षा साखळ्या नाकाखालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे कप्लर सुटलाच तर नाक त्यांच्यावर टेकतं, रस्त्यात रुतत नाही. टायरची हवा थंड असतानाच तपासा. चाक बदललं असेल तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

थांबायला जास्त अंतर लागतं, तेव्हा पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. वळणावर ट्रेलरची चाकं आतून कापतात, म्हणून थोडं पुढे जाऊन मगच वळा. उतारावर आधीच खालचा गिअर टाका. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापून निकामी होतात.

तरीही ट्रेलर डोललाच, तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. गाडीचा ब्रेक जोरात मारू नका, वेग वाढवून ‘ओढून’ सरळ करायलाही जाऊ नका. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोल असेल तर तेवढाच हळूच वापरा.

रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा: ट्रेलर जिकडे न्यायचा, हातही तिकडेच. कोन जास्त झाला की हट्ट न करता गाडी पुढे घ्या.

ट्रेलर गाडीपासून सोडताना आधी त्याच्या चाकांना अडण लावा, मगच लॉक उघडा. आणि ट्रेलरच्या पुढच्या भागातला माल आधी उतरवला असेल तर नाक उसळून वर येतं, तेव्हा चेहरा त्यावर नको.