मारहाणीत जखमी होऊन सिव्हिलला आलेल्या माणसाला आधार कसा द्यायचा

बांधाच्या वादात कुऱ्हाड लागलेला, वरातीत डीजेवरून चाकू खाल्लेला पोरगा, डाकीण ठरवून झोडपलेली म्हातारी, असे पेशंट जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सिव्हिलला येतात, टाके पडतात आणि डिस्चार्ज झाला की परत त्याच गल्लीत जातात. त्या डिस्चार्जच्या आधीचे आणि नंतरचे दिवस कोणीतरी सोबत पाहिजे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात दिलासा केंद्र २० वर्षांहून जास्त काळ घरात मार खाणाऱ्या बायांसाठी असं काम करतंय, गावच्या भांडणातल्या जखमींसाठीही तीच पद्धत चालते.

आधी हॉस्पिटलची परवानगी घ्या, समाजसेवा अधीक्षकांना भेटा, गळ्यात ओळखपत्र पाहिजेच. नाहीतर नातेवाईकांना तुम्ही समोरच्या पार्टीचे वाटता.

पहिल्या भेटीत "काय झालं, कोणी मारलं" अजिबात विचारायचं नाही. तो जबाब पोलीस घेतील. आपण खाली स्टुलावर बसायचं, पाणी देऊ का, जेवलात का, घरी पोरं कोणाजवळ आहेत, ढोरांना चारा कोण टाकतंय एवढंच. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच, "बाबा, आते कसं वाटस?" म्हटलं की माणूस मोकळा होतो. धडगाव, अक्कलकुव्याकडचा पेशंट असेल तर पावरी किंवा भिली बोलणारं कोणी शोधा, पण त्याच्याच गावचं नको, गोष्ट गावात जाते. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही.

आता खरं अवघड काम. बदला कधी कधी वॉर्डाच्या बाहेर झाडाखालीच ठरतो, चुलतभाऊ आणि मित्र जमतात, फोन सुरू होतात. तिथे भाषण देऊ नका, पेशंट ज्याचं ऐकतो असा एकच माणूस शोधा, मामा असेल, मोठी बहीण असेल, आणि त्याला बाजूला घेऊन सांगा की हा आत पडलाय, तुम्ही जेलात गेलात तर याचं औषधपाणी कोण बघेल. खरंच हल्ला होणार असं वाटलं तर ११२ लावा, लपवू नका. आणि "मिटवून टाका" हे तर कधीच म्हणायचं नाही, तो निर्णय पेशंटचा.

कागदांकडे लक्ष द्या. केसपेपर, एमएलसी नंबर (मारहाणीसारखी पोलीस केस हॉस्पिटलात नोंदवतात तो नंबर), डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची कॉपी (ती फुकट मिळते, तो हक्क आहे) सगळं एका फाईलीत. रक्ताचे कपडे धुवायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, नर्सला दाखवून पोलिसांकडे द्यायचे. फुकट वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००. बाया, लहान मुलं, एससी-एसटीच्या लोकांना तिथे उत्पन्न बघत नाहीत. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर कोणत्याही हॉस्पिटलला, प्रायव्हेटलासुद्धा, उपचार फुकट द्यावे लागतात, वर राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून पैशांची मदत मिळते. जातीवरून मारहाण झाली असेल तर ॲट्रॉसिटीखाली मिळणारी मदत समाजकल्याण ऑफिसात विचारा.

मजुरी बुडते म्हणून लोक सही करून लवकर घरी निघतात, अशावेळी रागवू नका, ड्रेसिंग जवळच्या पीएचसीत होईल का ते बघा. जायच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा, "घरी जायची भीती वाटते का?" हो म्हणाला तर काही दिवस मावशीकडे, सासरवाडीला, कुठे राहता येईल ते तिथेच ठरवा. बाईला जागा नसेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर.

घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन करा, पण आधी विचारून ठेवा कोणत्या नंबरवर आणि कधी, कारण फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. झोप न लागणं, फटाका वाजला की दचकणं हे सुरुवातीला होतंच, महिना झाला तरी कमी होत नसेल किंवा जीव द्यायचं बोलत असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.